नाल्याकाठचं रोशा गवत

परत आलेला तेलाचा कॅन ताईच्या ओसरीवर ठेवलेला होता. येता-जाता बाया त्याच्याकडे न पाहता जात होत्या, पण इतकं ठरवून की त्यापेक्षा टक लावून पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. वाशीमहून मालेगाव, तिथून शिरपूरची गाडी आणि पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून मी गावात पोचले तेव्हा माझी मोठी बहीण सुपात तुरीची डाळ घेऊन बसली होती. निवडत काहीच नव्हती. तिनं मला पाणी दिलं आणि सगळं प्रकरण दोन वाक्यांत सांगून टाकलं.

"व्यापारी म्हणते, तेलात भेसळ हाय. अन् तेलाच्या खोलीची किल्ली माह्यापाशी राह्यते."

आमच्या गावाकडची वावरं खडकाळ. सोयाबीन पेरावं तर रोही, म्हणजे नीलगायी, खाऊन जातात, मका लावावा तर डुकरं. ताईनं कुठल्याशा रोपवाटिकेतून रोशा गवताची रोपं आणली. या गवताला जनावर तोंड लावत नाही आणि त्याचं तेल अत्तरवाल्यांना लागतं. पहिल्या वर्षी लोक तिला हसले. मग तिच्यामागून गल्लीतल्या बाया तयार झाल्या, पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी उभी राहिली, आणि भाऊजी पुण्याला कंपनीत असताना माझी सातवी शिकलेली बहीण बायांच्या गटाची प्रमुख झाली. मला तिचा किती अभिमान वाटायचा हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात असलं काही सांगत नाहीत.

आता तीच चोर ठरायच्या बेतात होती. चांगलं तेल काढून बाहेर विकायचं आणि कॅनमध्ये काहीतरी स्वस्त ओतून माप पुरं करायचं, असा संशय. तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त शेजारची मावशी, जिचं वावर ताईच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहे, ती सकाळी एक नवं कुलूप घेऊन आली आणि म्हणाली की खोलीला दोन कुलपं असलेली बरी. रविवारी व्यापाऱ्याचा माणूस येणार होता, विहारात बैठक बसणार होती आणि त्या बैठकीत ताईचं काय ते ठरणार होतं.

मी वाशीमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत एका मोठ्या कॉलेजानं टाकून दिलेलं जुनं गॅस क्रोमॅटोग्राफ आहे. तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब आत सोडला की हे यंत्र त्यातले घटक वेगवेगळे करतं आणि प्रत्येकाचा एक शेंडा कागदावर काढून देतं. कुठला घटक किती, ते त्या शेंड्यांवरून कळतं. यंत्र म्हातारं आणि हट्टी आहे, आणि माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. मी ताईला म्हटलं, तेल खोटं असेल तर त्यात काय खोटं आहे ते मी शोधून काढते. बोलताना मला फार जोर आला होता. राग आला की मला नेहमी असाच जोर येतो.

तेवढ्यात घरात दूध करपल्याचा वास भरला. आत जाऊन पाहते तर बाबा, आमचे वडील, गॅसकडे पाठ करून स्टुलावर शांत बसलेले आणि भांड्यात दूध काळं होऊन धूर निघतोय. आई गेल्यापासून बाबा ताईकडेच राहतात. मी गॅस बंद केला आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. शेजारी बसून माणसाला कळू नये म्हणजे काय, लक्ष कुठे असतं तुमचं. बाबा उठले, भांडं घेतलं आणि न्हाणीकडे घासायला गेले.

त्यांचं काहीतरी बिनसलंय असं ताई पुष्कळ दिवसांपासून म्हणायची. जेवण कमी झालं होतं. दिवसातून दोनदा अंघोळ करायचे, थंडीतसुद्धा. पंगतीत बसायला सांगितलं तर ताट घेऊन उंबऱ्याशी जायचे, आणि ताईचा नातू मांडीवर चढायला लागला की त्याला हळूच उतरवून द्यायचे. आम्ही ते वयावर ढकललं होतं. कोरोनात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, त्यातून ते वाचले यातच आम्ही खूश होतो.

अडचण अशी होती की आमच्याकडे गवताची कापणी सावडीनं होते. आज हिच्या वावरात सगळ्या, उद्या तिच्या. कापलेलं गवत भट्टीशेजारी एकाच ढिगात पडतं, एकाच टाकीत शिजतं, तेल एकाच कॅनमध्ये जातं. कुणाचं किती, कुणाचं कसं, असं कुणी विचारत नाही. विचारलं की सावड मोडली. आणि मला नेमकं तेच विचारायचं होतं. मला प्रत्येक वावरातलं गवत वेगवेगळं पाहिजे होतं.

बायांना ते लागलं. मावशी म्हणाली की इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि आता ही मास्तरीण आमचे घास वेगळे करायला आली. मी उलट बोलणार होते, ताईनं माझा दंड धरला. शेवटी तिनंच तोड काढली. प्रत्येकीनं आपल्या वावरातली पेंढी आपल्या हातानं कापायची आणि आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधून द्यायची, म्हणजे मध्ये कुणी बदललं असं म्हणायला जागा नाही. कुणाची लाल, कुणाची हिरवी, मावशीची जांभळी. ताईनं स्वतःच्या पेंढीला निळी चिंधी बांधली. ती पेंढी तिनं सगळ्यांच्या आधी आणून ठेवली.

वाशीमला येऊन मी कामाला लागले. काचेच्या उपकरणात एकेक पेंढी वेगळी उकळायची, वाफेबरोबर येणारं तेल थेंबाथेंबानं गोळा करायचं, कुपीत भरायचं आणि कुपीला तीच चिंधी बांधायची. कॉलेजचे तास चुकवता येत नव्हते, त्यामुळे हे सगळं मधल्या सुटीत आणि संध्याकाळी. त्या आठवड्यात लाइटनं उच्छाद मांडला होता. यंत्र तापून नमुना आत सोडावा आणि अर्ध्या आलेखावर लाइट जावी. मग यंत्र थंड होणार, पुन्हा तापणार, आणि मी त्याच्यासमोर हात चोळत बसणार. एकदा तर मला रडू आलं. शिपायाला वाटलं घरी कुणी गेलं.

पहिल्यांदा लालचा आलेख आला. जिरॅनिऑलचा एकच उंच शेंडा, बाकी आजूबाजूला किरकोळ. गुलाबासारखा वास येतो तो या जिरॅनिऑलमुळे, आणि अत्तरवाले घेतात ते त्याच्यासाठीच. हिरवा तसाच. जांभळाही तसाच, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं थोडं वाईट वाटलं. मावशीचं तेल निर्मळ निघालं होतं.

मग निळ्याचा आलेख निघायला लागला. सुरुवातीलाच एक शेंडा आला, जो आधीच्या कुठल्याच कागदावर नव्हता. तो लिमोनीनचा, संत्र्याच्या सालीत असतं ते. मग मधल्या भागात अनोळखी शेंड्यांची गर्दी. जिरॅनिऑल होतं, पण बरंच खाली बसलेलं. मी परत आलेल्या कॅनचा आलेख शेजारी ठेवला. कॅनमध्ये तेच अनोळखी शेंडे त्याच जागी होते, फक्त ठेंगणे. भेसळ जर कुठून आली असेल तर ती माझ्या बहिणीच्या वावरातून आली होती.

पण हे तेल मीच काढलं होतं. माझ्या समोर, माझ्या काचेत, गवत आणि पाण्याशिवाय त्यात काही नव्हतं. म्हणजे कुणी काही ओतलेलं नव्हतं, गवतच वेगळं होतं. मी कपाटातली पुस्तकं काढली. रोशा गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतक्या सारख्या की जाणकारही फसतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर. सोफियाच्या तेलात ते कमी, लिमोनीन आणि त्याचे भाऊबंद जास्त, वास आल्याकडे, म्हणजे अद्रकाकडे, झुकणारा. पुस्तकात दिलेल्या सोफियाच्या घटकांशी निळे शेंडे बऱ्यापैकी जुळत होते. मोतिया उघड्या माळावर वाढतं आणि सोफिया ओलसर खोऱ्यात, असंही तिथं लिहिलं होतं. ते वाचताना मला बाबांचा आवाज ऐकू आला. लहानपणी ते गुरांमागे आम्हाला न्यायचे तेव्हा पातं तळहातावर चोळून हुंगायला द्यायचे आणि सांगायचे, माळावरचं रोशा खरं, नाल्यातलं खोटं.

मी ताईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की गेल्या वर्षी तिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं त्या पावसाळ्यात वावरात बरीच रोपं मेली होती. त्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, बाबांनी भरल्या. पण बाबांच्या हातून खोटं गवत लागणारच नाही, तुझ्या मशीनचंच काहीतरी चुकलंय, असं ती ठाम म्हणाली. मी म्हटलं, मग बाबांनाच विचार. त्यावर ती चिडली.

"माह्यावर आळ आला तं मी तो उचलून बुढ्या बापावर ठेवू? नाही इचारत."

मला तिचं पटत होतं आणि तिचा रागही येत होता. आमचे बाबा म्हणजे नाक होतं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणाच्या घरी काय शिजतंय ते सांगायचे. पीठ जुनं आहे, तेल चढलंय, म्हैस आज माजावर आलीय, सगळं नाकावर. भट्टी सुरू झाली तेव्हा तेल उतरलं की नाही ते बाया त्यांना विचारायच्या. अशा माणसाला आपण काय विचारणार होतो?

तसंच न विचारता आम्ही रविवारी विहारात गेलो. सतरंजीवर बाया बसल्या होत्या, व्यापाऱ्याच्या माणसाला खुर्ची दिली होती. बाबा दाराशी, चपलांच्या बाजूला बसले. मी आत बोलावलं तर हातानंच राहू दे म्हणाले. मी आलेख पसरले, शेंडे दाखवले, दोन जाती समजावून सांगितल्या. कॅनमध्ये कुणी काही मिसळलेलं नाही, एका वावरात दुसऱ्या जातीचं गवत मिसळलं आहे, आणि ते वावर माझ्या बहिणीचं आहे, हेही सांगितलं. व्यापाऱ्याचा माणूस मान हलवत होता, पण बायांचे चेहरे बंद होते. मावशीनं माझं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली,

"मशीन तुही, बहीन तुही. आमी काय समजावं?"

मशीन खोटं बोलत नाही हे मी तिला कशाच्या जोरावर सांगणार होते? तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. तेव्हा ताई उठून उभी राहिली. सगळ्या बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"बाबाले द्या दोन्ही शिश्या. दोन गवतं हायत का येक, बाबा सांगतीन."

मावशीनं लगेच मान डोलावली. त्यांच्या नाकावर आपला भरवसा आहे, ते मुलीसाठीसुद्धा खोटं बोलायचे नाहीत, असं तीच म्हणाली. मला सुटल्यासारखं झालं. मी जांभळ्या आणि निळ्या चिंधीच्या कुप्या घेतल्या, चिंध्या काढल्या आणि दाराशी जाऊन बाबांच्या हातात दिल्या.

बाबांनी एक बूच काढलं, कुपी नाकाशी नेली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. ते कुप्या उजेडाकडे धरून रंग बघायला लागले तेव्हा माझ्या मनात काहीतरी चुकल्यासारखं झालं, कारण बाबांनी तेल कधी डोळ्यानं तपासलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ती वाट बघत होती, चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता.

"मले वास येत नाही," बाबा म्हणाले. "त्या बिमारीपासून नाही येत. कशाचाच नाही."

मग कुणी काही विचारायच्या आत तेच बोलत गेले. मान खाली घालून, कुप्या दोन्ही हातांत धरून. रोपं आणायला माळ चढताना दम लागत होता, म्हणून नाल्यात उतरले. तिथं दोन्ही गवतं मिसळून असतात हे त्यांना माहीत होतं. पूर्वी हुंगून निवडायचे, या वेळी पात्याकडे, कणसाकडे पाहून निवडली. डोळ्याला सगळी खरीच दिसली. "पोरगी दवाखान्यात, अन् तिचं वावर जागोजाग खाली. लोकं पाहाले येतीन, हसतीन. म्हनून भरलं."

ताईचा चेहरा मला अजून दिसतो. तिच्यावरचा आळ गेला होता आणि ती उभ्या जागी रडत होती. मी तर करपलेल्या दुधाचं भांडं घासणारे बाबा डोळ्यांसमोर घेऊन बसले होते. एवढं रसायनशास्त्र शिकलेली मी, पण ती गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, हे मला आजही सहन होत नाही.

मावशी उठली. तिनं बाबांच्या हातातून कुप्या घेतल्या, दोन्ही हुंगल्या आणि शेजारणीकडे दिल्या. कुप्या हातोहात फिरल्या. एक गुलाबावानी आहे आणि एक अद्रकीवानी, यात कुणाचंच दुमत झालं नाही. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला की मग याला भेसळ म्हणता येणार नाही, पुढच्या कापणीचं तेल आधी तपासून घेऊ. त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. मावशीनं पदर खोचला आणि जाहीर केलं की उद्याची सावड ताईच्या वावरात. दुसरं कुलूप ती जाताना स्वतःच घेऊन गेली.

सकाळी सगळ्या बाया विळे-कुदळी घेऊन आल्या. मी कॉलेजात रजा टाकली होती. ओळीनं पुढे सरकायचं, प्रत्येक ठोंबाचं पातं चोळायचं, हुंगायचं आणि आल्याचा वास आला की मुळासकट उपटायचं. अर्ध्या वावरात भगदाडं पडली. बाबा मागून येऊन उपटलेले ठोंब उचलत होते आणि धुऱ्यावर नेऊन टाकत होते. त्यांना कुणी थांबवलं नाही.

दुपारी मोहाच्या झाडाखाली भाकरी सोडल्या. पंगत बसली तशी बाबा आपली भाकरी घेऊन पार पलीकडे, धुऱ्याच्या दगडावर जाऊन बसले. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले. शेजारी बसायला लागले तर ते सरकले. आणि मग इकडे तिकडे पाहून, अगदी खालच्या आवाजात त्यांनी मला विचारलं,

"माय, येक खरं सांगजो. माह्या आंगाले वास तं येत नाही?"

दोन दोन अंघोळी, उंबऱ्यावरचं ताट, नातवाला मांडीवरून उतरवणं, चपलांशेजारची जागा. सगळं एकदम समजलं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला आणि त्या दिवसापासून ते कुणापासून लांब बसले नाहीत, मेलो तरी बसणार नाही म्हणायचे. त्यांचा मुलगा आपण होऊन लांब बसत होता, कारण आपल्या अंगाला वास येतो की नाही हे त्याला कळायचा मार्ग उरला नव्हता आणि विचारायची लाज वाटत होती.

मी त्यांच्या खांद्याला नाक लावलं आणि चांगला श्वास घेतला. "घामाचा येते," मी म्हटलं, "अन् साबणाचा. अन् रोशाचा. आमच्या सगळ्यांच्या अंगाले येऊन राह्यला तोच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी खोटं बोलतेय की काय ते तपासत होते. मग भाकरी फडक्यात गुंडाळली, उठले आणि माझ्या पुढे चालत झाडाखाली आले. ताईनं आणि मावशीनं सरकून मध्ये जागा केली, आणि बाबा त्यांच्यामध्ये बसून जेवले.